पट्टी बंद पडली तो सोमवार

"रुक्माबाई, एकदा बंद करून पुन्हा चालू करून पाहा ना," दयाराम दारातूनच म्हणाला.

"तीन बार केलं, भाऊ. पहिले निळा झाला, मंग काळा. आता काहीच नाही येऊन राहिलं. आतला पंखा फिरते नुसता."

दयारामने खांद्यावरचं केबलचं वेटोळं खाली ठेवलं. मॉनिटरच्या मागची वायर काढून फुंकली, पुन्हा लावली. पडदा काळाच राहिला. सकाळचे नऊ वाजले होते. सन नव्याण्णवच्या एप्रिलची सव्वीस तारीख होती, आणि रिसालीतल्या दोन हजार घरांच्या टीव्हीवर आज खालची पट्टी आली नव्हती.

भैयालाल साहूच्या केबलवर एक चॅनल गावचं होतं. सकाळी भजनं, दुपारी पिक्चर, संध्याकाळी आणखी एक पिक्चर, आणि दिवसभर खालून सरकणारी लाल पट्टी. नळ किती वाजता येणार, केरोसीन कुठे वाटणार, कोणाची अंत्ययात्रा कधी निघणार, कोणाचं पोर हरवलं, हे सगळं रिसालीकर त्या पट्टीवर वाचत. पट्टीतली अक्षरं रुक्मा टाइप करायची. सहा वर्षांपूर्वी ती फोन उचलायला म्हणून लागली होती. कॉम्प्युटर आला तेव्हा भैयालालने शिकवायला माणूस आणला, तो दोन दिवस येऊन तिसऱ्या दिवशी आलाच नाही. उरलेलं तिने आपलं आपण जमवलं.

नोकरीवर घेताना भैयालाल म्हणाला होता, "फोन का काम है, अंदर बैठने का. आपके लिए ठीक रहेगा." त्याच्या मनात वाईट नव्हतं. तिसाव्या वर्षी रुक्माच्या ओठाच्या कडेला एक पांढरा ठिपका उमटला होता. तो वाढत डाव्या गालावर गेला, हनुवटीवर उतरला, मग दोन्ही हातांवर आला. डॉक्टरांनी मलमं दिली, गोळ्या दिल्या, उन्हात बसायला सांगितलं. शेवटी तिने सगळं सोडून दिलं. कोड हाय, दुखत नाही, खुपत नाही, असं ती विचारणाऱ्याला सांगायची आणि पुढच्या कामाला लागायची.

साडेनऊला नेहरू नगरातल्या लग्नपत्रिका छापणाऱ्याचा फोन आला. त्याची दोन्ही मशिनं गेली होती. मग एका कोचिंग क्लासचा आला. मग गॅसवाल्याचा, की आज नंबर लागणार नाहीत, पट्टीवर टाका. अकरापर्यंत तिने वहीत नऊ जणांची नावं लिहिली. सगळ्यांचं दुखणं एकच. तोवर कोणीतरी रायपूरहून बातमी आणली, की हा चेर्नोबिल नावाचा व्हायरस आहे, तो आजच्याच तारखेला जागा होतो आणि मशिनच्या पोटातलं सगळं खाऊन टाकतो.

"सगळ्या देशात झालं म्हणते," दयाराम म्हणाला. "आपण काही बिघडवलं नाही."

भैयालाल मात्र कोणाचं ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत नव्हता. त्याने कॉम्प्युटरचा डबा जुन्या चादरीत गुंडाळला, जीपमध्ये ठेवला आणि रायपूरला निघाला. जाताना एवढंच बजावलं, "पिक्चर मत रुकने देना. कूलर वाले का विज्ञापन है बीच में."

रुक्मा खिडकीशी बसून वहीतले निरोप फोनवरून एकेकाला कळवत राहिली. हात कामात होते, पण डोक्यात काल होता.

काल रविवारी तिच्या लेकीला, ताराला, पाहायला पाहुणे आले होते. रिसालीतले ठवरे. मुलगा पोलादाच्या प्लांटमध्ये ऑपरेटर, घर स्वतःचं, माणसं भंडाऱ्याकडची, समाजातली. नवऱ्याची मोठी बहीण भीमाबाई हिने स्थळ आणलं होतं आणि तिनेच आठ दिवस आधी रुक्माला बाजूला घेतलं होतं.

"तू वाईट वाटून नको घेऊ, रुक्मा. पण पहिल्या दिशी समोर नको येऊ. एकदा पक्कं झालं का मंग सांगू. पोरीच्या भल्याचं हाय."

नवरा देवाजी चरोद्याच्या रेल्वे यार्डात गाड्यांचे सांधे बदलणारा पॉइंट्समन होता. त्याने होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मग असं ठरलं, की रुक्मा भाऊ आजारी म्हणून तुमसरला गेली आहे. प्रत्यक्षात ती चरोद्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये, आपल्याच ओळीत दोन दारं सोडून गुलाबबाईकडे बसली होती. दहापासून दोनपर्यंत तिने गुलाबबाईचा वर्षाचा लसूण सोलून दिला. पाहुणे गेल्यावर भीमाबाई हसत आली. "तारा मोठी हुशार हाय. सासूबाईनं विचारलं, आई कुठं हाय म्हणून. पोरगी जराही अटकली नाही. मामाच्या गावी गेली, म्हणे." तारा तेव्हा मोरीत कप विसळत होती. तिने वळून पाहिलं नाही. ठवरे बुधवारपर्यंत निरोप पाठवणार होते.

साडेबारा वाजता पुन्हा फोन वाजला. नेहरू नगरच्या एका नर्सिंग होममधली शीला सिस्टर होती. ती महिन्यातून दोन-तीनदा तरी फोन करायची, त्यामुळे तिचा आवाज रुक्मा ओळखायची. आज त्या आवाजाला धाप लागली होती.

"रुक्माबाई, पट्टी चालवा लवकर. बाळंतीण हाय, रक्त थांबून नाही राहिलं. ओ निगेटिव्ह पाहिजे. ब्लड बँकेत होत्या त्या दोन बाटल्या लावल्या, आणखी नाही."

"तुमच्यापाशी निगेटिव्हवाल्याईची यादी होती ना?"

"कॉम्प्युटरमध्ये होती."

रुक्माची नजर टेबलावरच्या रिकाम्या जागेकडे गेली.

"आमचाही गेला, सिस्टर. पण मी काहीतरी करते. बाई कुठली हाय?"

"रिसालीकडचीच. पहिलटकरीन. बावीस वर्षाची."

फोन ठेवून रुक्मा उठली. "दयारामभाऊ, तुमचा लग्नाचा कॅमेरा कुठं हाय?"

दयाराम हंगामात लग्नांचं शूटिंग करायचा. कॅमेरा कपाटातच होता. पिक्चरच्या मशिनची वायर काढून तिथे कॅमेरा जोडला, तर कॅमेऱ्यासमोर जे असेल ते घरोघरी दिसणार, एवढं साधं ते गणित. त्याने एका मोठ्या कागदावर स्केचपेनने लिहिलं, ‘ओ निगेटिव्ह खून की सख्त जरूरत’, खाली फोन नंबर घातला आणि कागद भिंतीला चिकटवला. पिक्चर थांबला. रिसालीच्या पडद्यांवर कागद आला.

दहा मिनिटं गेली. फोन आले सात, आणि सातही जणांनी एकच विचारलं, की पिक्चर का बंद झाला. रुक्माने शेजारच्या गल्लीतल्या ओळखीच्या बाईला फोन लावला. "टीव्ही चालू हाय का वं तुमचा? काय दिसते?"

"कागद दिसते कायतरी. मी तं पोळ्या करून राहिली, वाचतं कोन?"

"बोलाव लागन, भाऊ," रुक्मा म्हणाली. "बाया ऐकत राहतात, पाहत नाहीत."

कॅमेऱ्याला माइक होताच. कागद समोर तसाच ठेवून ती कॅमेऱ्यामागे उभी राहिली आणि दोनदा, तीनदा बोलली. आता फोन आला एका पुरुषाचा. तो हसत होता. "फिर अप्रैल फूल बना रहे हो क्या?"

रुक्माने कपाळाला हात लावला. एक एप्रिलला भैयालालने गंमत म्हणून पट्टीवर टाकलं होतं, की सिनेमातला मोठा हिरो संध्याकाळी रिसालीच्या बाजारात येतोय. चार-पाचशे माणसं दोन तास उभी होती. त्यानंतर आजतागायत लोक पट्टीवरच्या नळाच्या वेळेवरही शंका घेत होते.

"कागदावर कोनी भरोसा नाही करत," दयाराम म्हणाला. "माणूस दिसला पाहिजे. मी बसू का? पण मंग कॅमेरा कोन पाहीन? आन् मले तर चार माणसात बोलता नाही येत, तुमाले मालूम हाय."

"भैयालालजींची पुतणी? ते बोलन."

"हुडको कॉलनीत राहते. आणाले अर्धा-पाऊण घंटा लागन."

रुक्माने घड्याळाकडे पाहिलं. मग खुर्ची उचलून तिने कागदाच्या पुढ्यात ठेवली. दयाराम कॅमेऱ्यामागून पुढे आला. कालचं सगळं तिने त्याला सकाळी सांगितलं होतं.

"ठवरेच्या घरी आपलंच कनेक्शन हाय, बाई," तो हळूच म्हणाला. "मीच जोडलं."

"मले मालूम हाय."

"बुधवारपावतर थांबायचं होतं ना तुमाले."

"ते पोरगी बुधवारपावतर नाही थांबू शकत, भाऊ. करा चालू."

तिने पदर नीट केला. चेहऱ्यावर ओढून घ्यायला म्हणून नाही, तो खांद्यावरून घसरला होता म्हणून. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागला. तिला वाटलं होतं की शब्द आठवणार नाहीत. तसं झालं नाही. सहा वर्षं ती याच माणसांशी बोलत आली होती, फक्त त्यांनी तिला पाहिलं नव्हतं.

"मेरा नाम रुक्मा गजभिये है," ती म्हणाली. "केबल ऑफिस में फोन मैं ही उठाती हूं. आप लोग मेरी आवाज पहचानते हो. आज शकल भी देख लो, ताकि किसी को मजाक न लगे. नेहरू नगर में एक लड़की की डिलिवरी हुई है और उसका खून बह रहा है. अपने रिसाली की लड़की है. ओ निगेटिव्ह चाहिए. जिसके कार्ड पर ओ निगेटिव्ह लिखा हो, वो अभी फोन करे. घर में कोई सोया हो तो उसको उठाओ. मैं यहीं बैठी हूं."

आणि ती खरोखर तिथेच बसून राहिली. कॅमेऱ्याकडे पाहत, हात मांडीवर ठेवून. दर दोन मिनिटांनी तेच पुन्हा सांगत.

पहिला फोन चौथ्या मिनिटाला आला. प्लांटातल्या एका क्रेन ऑपरेटरची बायको होती. नवरा रात्रपाळी करून झोपला होता, तिने त्याला हलवून उठवलं होतं. कार्डावर ओ निगेटिव्ह होतं. दयारामने पत्ता सांगितला. मग एक मास्तर. मग एक मुलगी, जिचा ग्रुप ओ पॉझिटिव्ह होता आणि तरीही तिला यायचं होतं. पाऊण तासात तिघं योग्य गटाचे निघाले. तिसरा माणूस स्कूटर बंद पडली म्हणून अडला, तर दयारामने ओळखीच्या टेम्पोवाल्याला त्याच्या दारात धाडलं. दोन वाजता शीला सिस्टरचा फोन आला. "आता पुरे, रुक्माबाई. रक्त थांबलं. मुलगी झाली हाय."

रुक्माने ते कॅमेऱ्याकडे पाहून सांगितलं. मग उठावं म्हणून तिने खुर्चीच्या हातावर भार दिला, तोच पुन्हा फोन वाजला. आता लोकांना कळलं होतं, की बोलणारं माणूस आहे. गॅसवाल्याने सांगितलं, उद्या जुनी पावती घेऊन या. कोचिंग क्लासची परीक्षा गुरुवारी गेली. प्लांटच्या वसाहतीतल्या एका निवृत्त फोरमनची अंत्ययात्रा चारला निघणार होती, त्याच्या मुलाचा आवाज फोनवर फुटत होता. रुक्माने ते नाव दोनदा, सावकाश वाचलं. एका आजीने फोन करून नुसतंच सांगितलं, "बाई, तू बने बोलथस," म्हणजे छान बोलतेस. दुपारचा पिक्चर काही परत लागला नाही.

साडेचारला भैयालाल आला. कॉम्प्युटर परवा मिळणार होता. खोलीच्या दारात तो घामाने निथळत उभा राहिला आणि रुक्माला कॅमेऱ्यासमोर पाहून थबकला. कूलरवाल्याने त्याला वाटेतच गाठलं होतं.

"पिक्चर किसने काटी?"

"मैंने," रुक्मा म्हणाली.

दयारामने त्याला बाजूला नेऊन सगळं सांगितलं. भैयालाल तांब्याभर पाणी प्यायला. फोन करणाऱ्यांना रुक्मा काय सांगते ते तो ऐकत बसला. मग म्हणाला, "छह बजे तक बैठ जाओ. नल का टाइम बोल देना." थोड्या वेळाने त्याने टेबलफॅन उचलून तिच्या बाजूला फिरवून ठेवला.

चरोद्यात ही केबल पोचत नव्हती, पण बातमी पोचली होती. यार्डात दुपारपाळीला आलेल्या रिसालीच्या एका सोबत्याने देवाजीला दुपारीच सांगितलं होतं. रुक्मा घरी पोचली तेव्हा भीमाबाई दाराशी बसलेली होती.

"दोन दिवस," भीमाबाई म्हणाली. "दोन दिवस कळ नाही निघाली तुले? पोरीचं सोनं होऊन राहिलं होतं."

"पोरगी मरून राहिली होती, बाई. कोनाचीतरी."

"दुसरं कोनी नव्हतं बोलाले?"

"नव्हतं," रुक्मा म्हणाली आणि हातपाय धुवायला गेली.

देवाजी जेवताना एवढंच म्हणाला, "वाचली ना ते?" वाचली, म्हटल्यावर त्याने मान हलवली आणि आणखी एक पोळी मागितली. ताराने वाढलं. ती आईशी त्या रात्री बोलली नाही.

बुधवारी सकाळी दुरुस्त होऊन आलेला कॉम्प्युटर सुरू झाला. रुक्मा पहिली ओळ टाइप करत होती, तेवढ्यात जिना चढून एक बाई आल्या. जाड, गोऱ्या, हातात कापडी पिशवी. दम घेऊन त्यांनी खोलीत पाहिलं आणि सरळ रुक्मासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"मी अन्नपूर्णा ठवरे. मुलाची आई."

रुक्मा उठली. खुर्ची पुढे केली. त्या बसल्या, पण पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

"सोमवारी मी पाहिलं तुमाले. पुरं पाहिलं, पहिल्यापासून. आमच्या घरी सगळे उभे राहून पाहत होते." त्यांनी पिशवीचे बंद सारखे केले. "आडनाव ऐकलं तवा समजलं. मले एक सांगा. तुमी तुमसरले गेल्या होत्या का?"

"नाही. दोन दारं सोडून बसली होती."

"मंग कावून तसं सांगितलं आमाले?"

"हे पाहून तुमी उठून जाल, असं वाटलं," रुक्माने गालाकडे बोट नेलं. "भाऊ आजारी नाही. ते खोटं होतं. तेवढं माझं चुकलं. आन् ते खोटं मी पोरीच्या तोंडून बोलवलं, ते जास्त चुकलं."

अन्नपूर्णाबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. "मी उठून नसती गेली," त्या म्हणाल्या. मग स्वतःशीच, "कोन जाने. गेलीही असती. पण आता घरचे म्हणून राहिले, जे लोक आईले लपवतात ते आणखी काय लपवतीन. मले त्याईले जवाब नाही देता येऊन राहिला."

"बरोबर हाय त्याईचं."

"तुमी बोलल्या मात्र असं, का माझा लहाना पोरगा रक्त द्यायले निघाला होता. त्याचा ग्रुप नव्हता." त्यांनी उठता उठता रुक्माचा हात धरला, पांढरा पडलेलाच, आणि सोडला. "निरोप पाठवते."

निरोप रविवारी आला, भीमाबाईकडूनच. मुलाला सध्या लग्न करायचं नाही. भीमाबाई खूप बोलली, रडलीही. रुक्माने तिला पाणी दिलं. खरं कारण कोड होतं की खोटं बोलणं, हे कधीच कळणार नव्हतं. तिने ते मनातून काढून टाकायचं ठरवलं, आणि ते चटकन निघालं नाही. भात उतरवताना, कपडे वाळत घालताना ते परत परत येत राहिलं. पण सोमवारची ती खुर्ची आपण पुन्हा उचलली असती का, असं स्वतःला विचारलं की उत्तर दर वेळी एकच येई, आणि मग तिला बरं वाटे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लोकलसाठी निघाली, तर तारा चप्पल घालून दारात उभी होती. तिचा क्लास अकराचा, ती एरवी साडेदहाच्या गाडीने जायची.

"आज लवकर?"

"हं," तारा म्हणाली.

फलाटावर दोघी बाकाच्या दोन टोकांना बसल्या. ऊन अजून कोवळं होतं. यार्डात मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळत होते आणि तो आवाज शेवटच्या डब्यापर्यंत सरकत जात होता.

"त्या दिवशी मी म्हटलं, मामाच्या गावी गेली म्हणून," तारा समोर पाहत म्हणाली. "मी नाही म्हणू शकत होती."

"मीच तसं सांगितलं होतं ना तुले."

"तरी."

रुक्माने मधली पिशवी उचलून मांडीवर घेतली. भाजीची पाटी घेतलेली एक बाई पुढून गेली, चार पावलं जाऊन परत आली. रुक्माकडे निरखून पाहत तिने विचारलं, "आप वही टीवी वाली बाई हो ना? खून वाली?"

"हां."

"वो लड़की बच गई?"

"बच गई. उसको बेटी हुई है."

बाईने समाधानाने पाटी दुसऱ्या काखेत घेतली. मग ताराकडे पाहून तिने रुक्माकडे बोट केलं. "ये कौन लगती हैं तुम्हारी?"

घराबाहेर तारा कधी मराठी बोलत नसे. क्लासमध्ये, बाजारात, मैत्रिणींत, सगळीकडे तिचं हिंदीच असे. ती बाकावरून सरकली, आईच्या अगदी जवळ आली, आणि त्या बाईकडे पाहून म्हणाली, "माही आई होय."

बाईला ते समजलं की नाही, कोण जाणे. ती हसली. ताराने ते हिंदीत पुन्हा सांगितलं नाही.